घराखालची माती तपासून घेतली: कोरगावातला अनुभव

पाचपैकी साडेतीन. बोअर मारणाऱ्या पोरांना पाच, अहवाल लिहिणाऱ्याला दोन, त्याची ही सरासरी. माती तपासणारी फर्म फोंड्याकडची. अहवालाची दुरुस्ती अजून चालू आहे, तेव्हा नाव छापणं बरं नव्हे.

गोव्यात कोरगावला आमचं भाट, म्हणजे बागायतीची जमीन, उतारावर. तिथे घर बांधायचं होतं. वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, खालच्या अंगाला खाजनाचा, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीचा, बांध. गवंड्याने पहार मारून बघितली आणि निकाल दिला, "वहिनी, चिरा लागला, आता आणखी काय बघायचं? जुनी घरं काय तपासून बांधली?" चिरा म्हणजे जांभा दगड. मामंजींनीही मान डोलावली. पण जुनी घरं एकमजली, कौलारू. आम्हाला स्लॅब हवा, वर दुसरा मजला हवा. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनीयर बाईंनी स्पष्टच सांगितलं की मातीचा अहवाल हातात आल्याशिवाय पायाचं ड्रॉइंग मिळणार नाही. बोअर कुठे मारायचे त्या खुणाही त्यांनीच घालून दिल्या: एक वर, एक मधे, एक बांधाकडे. फर्मवाले तीन बोअर वरच्या सपाटीवरच उरकायच्या बेतात होते, कारण तिथे टेम्पो जातो.

यंत्र म्हणजे लोखंडी तिकाटणं, विंच आणि डिझेल इंजिन. दर दीड मीटरला थांबून एसपीटी, म्हणजे ठोके मोजून जमिनीचा कडकपणा बघायची चाचणी, घ्यायची. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून सोडायचा आणि नळी जमिनीत किती ठोक्यांत जाते ते मोजायचं. रॉडवर खडूने पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन खुणा असतात. पहिल्या पंधराचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या दोन्हींची बेरीज म्हणजे 'एन'. एन जितका मोठा तितकी जमीन कडक. मोजणारा पोरगा मोठ्याने मोजत होता, वहीत लगेच लिहीत होता. मी दुकानदार बाई, माप कसं घेतात ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारी खुर्ची टाकून बसले. कोणी तोंड वाकडं केलं नाही. उलट एकदा आकडा फारच मोठा आला तेव्हा त्यांच्या म्होरक्यानेच नळी उघडून दाखवली. टोकाशी चिऱ्याचा खडा अडकला होता. "हा आकडा खरा नाही, ताई," म्हणाला आणि वहीत तशी नोंद केली. पाच मार्क त्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. मधल्या बोअरमध्ये वर चिरा होता, गवंडी खोटं बोलला नव्हता. पण दोन मीटरच्या खाली हातोडा एकदम भसकन उतरायला लागला. नळीतून निघाली पिवळट-पांढरी, बोटाला साबणासारखी लागणारी ओली माती. आपल्याकडे हिला शेडी म्हणतात. चिऱ्याच्या थराखाली ही बऱ्याच ठिकाणी असते. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, पाणी पिऊन मऊ पडते, आणि उतार कापून ती उघडी पाडली तर पावसाळ्यात ढासळते. पहारीला ही दिसणार कशी? बांधाकडच्या बोअरमध्ये तर वर भरावाची तांबडी माती आणि तिच्याखाली काळा, वासाचा चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे. म्हणजे ती कड पूर्वीचं खाजनच. घराचं एक टोक चिऱ्यावर आणि दुसरं त्या चिखलावर बसवलं असतं, तर दोन्ही टोकं सारखी खचली नसती आणि भिंतींना तिरक्या भेगा गेल्या असत्या. बाईंनी घर वर सरकवलं, पायाचा प्रकार बदलला आणि शोषखड्डा शेडीच्या कापापासून लांब नेला. खर्च वाढला. मामंजी अजून कुरकुरतात.

अहवाल मात्र वाचून डोकं फिरलं. जाडजूड, स्पायरल बाइंडिंग, वर आमच्या भाटाचा रंगीत फोटो. आत एका पानावर काळ्या कापूस मातीच्या फुगण्याबद्दल सूचना! कोरगावात काळी कापूस माती कुठली? घाटावरच्या कुठल्या तरी कामाचं पान तसंच चिकटवलेलं. दुसरं, भूजल पातळीचा आकडा आहे पण तारीख नाही. काम झालं मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना. शेजारच्या विहिरीला ऑगस्टमध्ये वाकून कळशी बुडवता येते. तारखेविना तो आकडा काय कामाचा? तिसरं, खाजनाकडचं पाणी खारं, ते काँक्रीटच्या सळ्या खातं, त्यामुळे पाण्याची आणि मातीची क्लोराइड-सल्फेट तपासणी हवीच होती. ती आम्ही मागितल्यावर झाली, वेगळे पैसे घेऊन. कामाच्या यादीत ती आधीच धरून घ्या.

दराचं सांगते. मीटरमागे दर, मातीचा वेगळा आणि खडकाचा वेगळा, आणि खडकाचा बराच जास्त. आमच्या बिलात कडक चिरासुद्धा 'खडक' म्हणून लावला होता. तो कुठल्या दरात धरायचा हे कामाआधी लिहून घ्या. यंत्र आणण्या-नेण्याचा आकार निराळा. एवढं कशाला, जेसीबीने खड्डा खणून बघू म्हणणारे भेटतील. कुंपणाच्या भिंतीला चालेल, पण तो खड्डा आमच्या मधल्या बोअरच्या जागी चिऱ्यावरच अडला असता.

शेवटचा हप्ता मी अडवून धरला आहे. तारखेचं पान आलं, कापूस मातीचं जायचं आहे. गेलं की पैसे देईन आणि इथे अर्धा मार्क वाढवीन.