बेलफास्टची काळी टॅक्सी: घ्या, पण एक प्रश्न विचारून

सासूबाईंना फार चालवत नाही, म्हणून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये पायी फिरण्याऐवजी काळ्या टॅक्सीची टूर घेतली. दीड तास. पैसे माणशी नाहीत, गाडीमागे, त्यामुळे चौघांत परवडलं. दोन सीटा घडीच्या, त्यांवर उलटं तोंड करून बसावं लागतं. गाडी लागणाऱ्याला तिथे बसवू नका. आमच्या ह्यांनी अर्धं बेलफास्ट डोळे मिटून पाहिलं.

टॅक्सीच का, हे ड्रायव्हरकाकांनी आधीच सांगितलं. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, यावरून इथले प्रोटेस्टंट आणि कॅथलिक भांडत होते; सत्तरच्या दशकात त्या दंगलींत बसगाड्या जाळल्या जायच्या, मग बस यायच्याच बंद व्हायच्या. तेव्हा लंडनच्या जुन्या टॅक्सी आणून लोकांनी शेअरवर चालवल्या. फॉल्स रोडवर कॅथलिकांच्या वेगळ्या, शँकिल रोडवर प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या. आपण बसतो ती गाडीसुद्धा त्या भांडणातलीच.

भिंतीवरची चित्रं भराभर झाली. बॉबी सँड्सच्या चित्रापुढे (आयर्लंडवाद्यांच्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा कैदी, १९८१ मध्ये तुरुंगात ६६ दिवसांच्या उपोषणानंतर गेला) फोटोसाठी गर्दी होती.

गाडी कश्मीर रोडवरून वळली आणि पाटी आली: बॉम्बे स्ट्रीट. सासूबाई एकदम ताठ. "अगं, हे इथे कसं?" साम्राज्याच्या काळातली नावं, दुसरं काय. १५ ऑगस्ट १९६९ ला प्रोटेस्टंट जमावाने ही कॅथलिकांची गल्ली जाळली. तारीख ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांना त्यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. पुढच्याच महिन्यात लष्कराने दोन्ही वस्त्यांच्या मधे तारा ओढल्या. हे अगदी तात्पुरतं आहे, असं तेव्हा तिथल्या लष्कराच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. आज तिथे खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी. १९९८ चा शांतता करार झाला तरी भिंत आहे. २०२३ पर्यंत सगळ्या भिंती काढू, असं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. तेही साल गेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये जवळच्याच लॅनार्क वेच्या फाटकापाशी बस जाळली होती. (घर भाड्याने न देण्यासाठी आपल्याकडे एवढं बांधकाम लागत नाही. "कमिटीला विचारून सांगतो" म्हटलं की झालं.)

आता तक्रार. काका बोलायला गोड, पण गोष्ट एकाच बाजूची. फॉल्सवर गाडी थांबवून नावानिशी माणसं सांगितली, शँकिलवर काच खाली न करता "त्यांची चित्रं". तिकडचीही माणसं मेली, हे लेकीने विचारल्यावर बोलले. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, ड्रायव्हर कुठल्या बाजूचा? वेळ असेल तर दुसऱ्या बाजूच्या माणसाबरोबरही एक फेरी घ्या.

शेवटी भिंतीवर सही करायला मार्कर मिळतो. हजारो पर्यटकांच्या शुभेच्छा तिथे आहेत. सगळ्याच, भिंतीपलीकडे राहायला न जाणाऱ्यांच्या. लेकीने मार्कर परत दिला.

सासूबाईंनी मात्र काकांना विचारायला लावलं, भिंतीला लागून घरं आहेत, त्यांच्या मागच्या अंगणात कपडे कसे वाळत घालतात? काका हसले, गाडी मागे घेतली. बॉम्बे स्ट्रीटच्या घरांच्या मागे, पलीकडून दगड येऊ नयेत म्हणून, अंगणावर लोखंडी जाळीचा पिंजरा. आत दोरीवर दोन टॉवेल आणि शाळेचा एक शर्ट.

पाचपैकी साडेतीन.