बिल सीटीपीचं, प्लेट जुन्या पॉझिटिव्हवरून

ऑफसेट छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्या सेंटरमधली ही फसवणूक बहुतेक वेळा रिपीट जॉबलाच, म्हणजे तेच काम पुन्हा छापताना, होते. मागच्या खेपेच्या चार पॉझिटिव्ह, म्हणजे चार रंगांच्या फिल्म, सेंटरच्या कपाटात पडून असतात. प्रेसवाला पीडीएफ पाठवून थर्मल सीटीपी, म्हणजे संगणकावरून लेझरने थेट मारलेली प्लेट, मागतो. सेंटरवाला जुन्या फिल्म काढतो, व्हॅक्यूम फ्रेममध्ये साध्या पीएस प्लेटवर (यूव्ही प्रकाशाने उठणारी, आधीच कोटिंग लावलेली प्लेट) मारतो आणि बिल थर्मलचं लावतो. कोटिंगचा निळा-हिरवा रंग कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे नुसतं बघून कोणाला कळत नाही.

कळतं ते मशीनवर. चेहऱ्यावरचे, आभाळातले फिकट भाग एकदम पांढरे पडतात. 175 लाइन स्क्रीनला (इंचाला ठिपक्यांच्या 175 ओळी) 2 टक्क्यांचा ठिपका जेमतेम 23 मायक्रॉनचा असतो. पॉझिटिव्हवरून प्लेट मारताना यूव्ही प्रकाश ठिपक्याच्या कडेखालून आत शिरतो आणि तो आणखी बारीक होतो, कधी उडूनच जातो. मशीनमन शाई वाढवतो, मग शॅडो, म्हणजे गडद भाग, भरतात. त्यात फिल्म हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने ताणते, मॉन्टेज, म्हणजे फिल्मची जुळणी, हाताने केलेलं असतं. एका टोकाला रजिस्टर (रंगांचा एकमेकांवरचा मेळ) बसवलं की दुसऱ्या टोकाला सुटतं. आणि पीडीएफमध्ये बदललेला भाव किंवा फोन नंबर? तो जुनाच छापून येतो. पाच हजार ताव गेल्यावर हे लक्षात येण्यात काय अर्थ?

म्हणून प्लेट चढवण्याआधी दहापट भिंग घेऊन खिडकीपाशी बसावं. आधी रिकामी जागा बघायची, चित्र नंतर. पॉझिटिव्हची कड, चिकटपट्टी, धूळ या सगळ्यांची सावली पीएस प्लेटवर राहते आणि ती डिलीशन (कोटिंग काढायचं रसायन) लावून पुसावी लागते. प्लेट तिरकी धरली की कुंचल्याचे ते पट्टे दिसतात: आजूबाजूच्या दाणेदार अॅल्युमिनियमपेक्षा जरा फिकट, कडेला थोडे ओघळलेले. लेझरने थेट मारलेल्या प्लेटवर फिल्मच नसते, मग तिची कड पुसायचा प्रश्नच येत नाही. एखाददुसरा डाग कोणीही पुसेल, पण चौकोनी रेषेत पुसलेलं दिसलं तर समजून जावं. स्क्रीन एखाद्याच जागी धूसर असेल, तर तिथे धुळीच्या कणाने फिल्म प्लेटपासून उचललेली असते.

मग टेलकडची, म्हणजे तावाच्या शेवटच्या कडेची, स्लग लाइन (जॉबच्या माहितीची ओळ). फाइलचं नाव, रंग, तारीख, वेळ, स्क्रीन हे सगळं रिप (फाइलचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) तिथे टाकू शकतो. चारही प्लेटांवर ती आजच्या तारखेची हवी. जुनी तारीख किंवा नेमकी तेवढीच जागा पुसलेली असेल, तर विचारायलाच हवं.

तरी शंका राहिली तर उन्हाची परीक्षा आहे. टेलकडच्या कंट्रोल पट्टीचा (तपासणीच्या ठिपक्यांची पट्टी) अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून प्लेट दहा मिनिटं उन्हात ठेवायची. बाकीची प्लेटही झाकायची, नाहीतर जॉबच जाईल. मग पट्टीवरचा गम (प्लेट राखणारा डिंकाचा लेप) ओल्या फडक्याने पुसून पीएस प्लेटचा डेव्हलपर फिरवायचा. भट्टीत न भाजलेल्या पीएस प्लेटचं कोटिंग अजून प्रकाशाला जागं असतं, म्हणून उघडा भाग विरघळून जातो. बहुतेक थर्मल प्लेटांवर एवढ्याने फरक पडत नाही, कारण त्या 830 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड लेझरसाठी बनवलेल्या असतात. मात्र या परीक्षेने प्लेटची जात कळते, फिल्मवरून मारली की नाही ते कळत नाही. सीटीसीपी मशीनही साधीच पीएस प्लेट वापरतं, फक्त फिल्मशिवाय मारतं. पकडले गेले की सेंटरवाले हेच सांगतात, “आमची सीटीसीपी आहे, तीपण डिजिटलच.” खरं आहे. पण मग बिलावर थर्मल का लिहिलं?

जाता जाता वजनही करावं. 605 × 745 ची 0.30 मिमी प्लेट साधारण 365 ग्रॅम भरते, 0.24 ची 290 च्या आसपास. जाड प्लेटच्या नावाखाली पातळ आली तर पॅकिंग कमी पडतं, ठसा अर्धवट उठतो आणि दोष ब्लँकेटवर (शाई कागदावर नेणाऱ्या रबरावर) जातो.

पॉझिटिव्हवरून मारलेली प्लेट वाईट असते असं मुळीच नाही. एकरंगी बिलबुकाला ती उत्तम चालते, दरही त्याच हिशेबाने लावावा. ऑर्डर देताना थर्मल, 2400 डीपीआय, स्क्रीन, जाडी, स्लग लाइन आणि 1 ते 99 टक्क्यांची पट्टी हे सगळं लेखी द्यावं. संशयित प्लेट पुसून भंगारात टाकू नये. गम लावून, कागदात गुंडाळून बिलासकट ठेवावी. पुसलेले पट्टे दाखवले की बरेच जण दुसऱ्या दिवशी नव्या प्लेटा आणून देतात.