पणजीतल्या बॅले क्लासची पातळी-चाचणी: बारपाशी (आधाराच्या दांड्यापाशी) चोख, उड्यांत ढिली

मुलाला कुठल्या बॅचमध्ये घालायचं ते वय बघून ठरवणारे क्लास पुष्कळ. पणजीतल्या या क्लासमध्ये आधी चाळीस मिनिटांची चाचणी होते, एका वेळी चारच मुलं. आकडा बरोबर आहे; जास्त मुलं असली की तपासणाऱ्याला फक्त हात दिसतात, घोटे सुटतात.

चाचणीचा उत्तम भाग सुरुवातीचाच. पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून) डेमी-प्लिए, म्हणजे गुडघे अर्धे वाकवणं, करायला सांगून टीचर चक्क जमिनीवर बसतात आणि गुडघे बघतात. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटावर यायला हवी. पावलं 180 अंशांत आणि गुडघे आत पडलेले दिसले, तर टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळणं, खुब्यातून आलेला नसतो. पाऊल जमिनीला रोवून पाय पिळलेला असतो. त्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो, तळव्याची कमानही बसते. खात्री करायला मुलाला दोन फिरत्या चकत्यांवर उभं करतात. चकतीवर पाऊल रोवता येत नाही, खुबा उघडेल तेवढंच ते उघडतं. बारपाशी 160 दाखवणारं मूल इथे 100 वर थांबलं की पालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ग्राँ प्लिएत, म्हणजे गुडघे पूर्ण वाकवताना, दुसऱ्या पोझिशनला (पावलांत अंतर ठेवून) टाचा उचलल्या तर लगेच गुण जातात. बाकी पोझिशनमध्ये त्या उचलाव्याच लागतात, हा फरक इथे नीट पाळतात.

भरतनाट्यम शिकलेली मुलं आली, तर त्यांचे गुडघे आधीच बाहेर वळलेले असतात. पण अरमंडीत (भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत) बसून राहायचं असतं, प्लिए मात्र कुठेच थांबत नाही. तळाला पोचता पोचता वर येणं सुरू होतं. टीचर हे समजावून पुन्हा करून घेतात, मगच गुण देतात. हे आवडलं.

टेंड्यूत, म्हणजे पाऊल जमिनीवरून घसरवत पाय ताणताना, टाच, मग चवडा, मग बोटं असा क्रम बघतात, परत येताना उलटा. पाऊल कोयत्यासारखं आत वळलं तर वेगळी नोंद होते. एका पायावरचे रेलेव्हे (टाच उचलून चवड्यावर येणं) मोजतात, आणि भार करंगळीकडे गेला की मोजणी तिथेच थांबते.

उड्यांपाशी मात्र घोळ आहे. एका पायावर 16 सोटे (जागच्या उड्या), त्यातले 8 नीट हवेत, हा निकष रूढ आहे. पण जमीन? सिमेंटवर टाइल्स, वर पातळ व्हिनाइल. खाली लाकडी पट्ट्यांचा लवचीक स्प्रंग फ्लोअर नाही, म्हणून मूल टाच टेकवायला घाबरतं, धप्पकन उतरतं, आणि दोष त्याच्या तंत्राच्या नावावर लागतो. पावसाळ्यात व्हिनाइलला ओल धरते, घसरण वाढते. वर राळ घालणं हा उपाय नव्हे, त्याने व्हिनाइल चिकट होऊन खराब होतं.

दुसरी तक्रार पिरुएटची, म्हणजे एका पायावरच्या गिरकीची. दोन फेऱ्या मारल्या की वरची बॅच, मग आधाराच्या पायावर उड्या मारत का फिरेना! त्यापेक्षा रेतिरेत (एका पायाचं बोट दुसऱ्याच्या गुडघ्याला लावून) रेलेव्हेवर चार मोजेपर्यंत स्थिर राहता येतं का, आणि पाय उचलताना खुबा वर चढतो का, एवढं पाहिलं असतं तर जास्त कळलं असतं.

पॉइंट शूजच्या (बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांच्या) बाबतीत क्लास ठाम आहे, पालकांनी कितीही गळ घातली तरी. ते मिळवायला एका पायावर उभं राहून धड पुढे झुकवायचं, दुसरा पाय मागे, आणि पाच प्लिए. त्यातले निदान चार न डगमगता हवेत. नुसतं बारा वर्षं पूर्ण झाली म्हणून शूज मिळत नाहीत.

जाताना गुडघे दिसतील असे घट्ट लेगिंग्ज आणि कॅनव्हासचे शूज घालून न्या. व्हिनाइलवर मोजे नकोत. शक्यतो कोरड्या महिन्यांतली वेळ मागा. निकालाच्या कागदावर नुसते आकडे असतात. ‘टेंड्यू 6’ यावरून घरी काय सुधारायचं ते कळत नाही, तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी कारण तिथेच लिहून घ्या. टीचर विचारल्यावर सांगतात.