जांभ्याचा लाल कुणी ठरवायचा? कोकणातल्या फोटोंसाठी रॉ की जेपेग

रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र आणि किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र. दोन्हीकडच्या वाळूचा फोटो ऑटोवर काढून बघा. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर दोन्ही वाळूंना करड्या रंगाकडे ओढतो. काळी वाळू फिकी पडते, पांढरी मळकट दिसते. म्हणून ‘मी फोटोला हातच लावत नाही’ असं कुणी म्हटलं की मला वाटतं, हात लागलेला असतोच, फक्त तो तुमचा नसतो.

जेपेग म्हणजे कॅमेऱ्यात शिजून तयार झालेला फोटो, रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद. जेपेग निवडलंत की व्हाइट बॅलन्स (म्हणजे प्रकाशाची पिवळी-निळी झाक किती काढायची ते), कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं कॅमेऱ्यातला प्रोसेसर जागच्या जागी ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये सेन्सरचं मोजमाप १६,३८४ पायऱ्यांत साठवलेलं असतं. हा फरक साध्या उन्हातल्या फोटोत जाणवतही नाही. पण हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मी एक अख्खा हंगाम जेपेगवर घालवला आणि दिव्यांखालचं पापलेट प्रत्येक फोटोत पिवळं आलं. चंदेरी झाक परत आणायला गेलो, तर कोळणींच्या साड्यांचे रंग बिघडले. ते फोटो आजही तसेच पडून आहेत. रॉ असतं तर व्हाइट बॅलन्स घरी बसून बदलता आला असता.

तरी जेपेगला मी कमी लेखणार नाही. रघुवीर सिंग यांनी रंगीत स्लाइड फिल्मवर भारत टिपला. स्लाइडमध्ये नंतर करण्यासारखं फार थोडं, सगळा निर्णय क्लिक करण्याआधीच. त्यांची शैली चौकटीत आणि प्रकाशाच्या निवडीत होती. ही शिस्त हवी असेल, तर कॅमेऱ्यातलं एकच प्रोफाइल, म्हणजे रंगांची तयार मांडणी, निवडा आणि वर्षभर बदलू नका.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सल ॲडम्स. १९४१ मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’च्या एकाच निगेटिव्हवरून ते पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळं होत गेलं. म्हणजे कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून फोटोग्राफरचा अर्धा जीव डार्करूममध्ये होता.

माझा कल रॉकडे आहे आणि त्याचं कारण जांभा. श्रावणात आमच्या आवाराचा गडगा, म्हणजे जांभ्याची कुंपणभिंत, भिजून काळपट लाल होतो, भोकाभोकांत शेवाळ धरतं. मळभातल्या प्रकाशाला एक निळसर झाक असते. ऑटो व्हाइट बॅलन्स ती पुसून टाकतो आणि दगड विटेसारखा नारिंगी होतो. वर ‘व्हिव्हिड’ हे भडक रंगांचं प्रोफाइल लावलंत तर शेवाळ प्लास्टिकसारखं चमकतं. मी रॉमध्ये रंगाचं तापमान जरा थंड, म्हणजे निळसर, ठेवतो, हिरव्यातला पिवळेपणा आणि भडकपणा कमी करतो आणि सावल्या उचलत नाही. भोकांतला काळोख काळोखच राहू देतो. एवढंच. पण हे तीन-चार निर्णय दर पावसाळ्यात तेच राहिले, म्हणून आता माझे फोटो एकत्र ठेवले की एका घरातले वाटतात.

विकतचे प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये लागणारे दुसऱ्याचे तयार बदल, मात्र मला खरोखर खुपतात. निळ्या-नारिंगी प्रीसेटखाली तारकर्ली कुठल्याही परदेशी बेटासारखी दिसते. शिकण्यापुरता उघडून कुठला स्लायडर किती सरकलाय ते बघा, त्यापुढे नको.

एक मर्यादाही सांगतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, कातळशिल्पांच्या रेषा उथळ असतात. भर दुपारी टिपलेल्या फोटोत कितीही कॉन्ट्रास्ट वाढवा, दगडाचे डाग तेवढे गडद होतात. तिरप्या उन्हात तीच रेष आपोआप उठून दिसते. तिथे सॉफ्टवेअरपेक्षा गजराचं घड्याळ कामाचं.

लग्नं, होमस्टेच्या खोल्या, त्याच रात्री पाठवायचे फोटो असं काम असेल तर जेपेग पुरे. प्रिंट, प्रदर्शन किंवा एकाच विषयावरची मालिका मनात असेल तर रॉ. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत मूळ फाइल तपासतात, तेही ध्यानात ठेवा. खर्चाची भीती नको, रॉ उघडणारी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. हार्ड डिस्क मात्र लागेल, कारण २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ५० एमबी जागा खाते. मन ठरत नसेल तर हा पावसाळा ‘रॉ अधिक जेपेग’वर काढा आणि दोन्ही शेजारी उघडून बघा.

आणि स्क्रीनवर विसंबू नका. गेल्या वर्षी पहिली मोठी प्रिंट आली ती घेऊन मी गडग्याशी जाऊन उभा राहिलो. ओला दगड प्रिंटपेक्षा गडद निघाला. घरात येऊन लाल अजून थोडा उतरवला.