सोलापूरच्या उन्हात फुटबॉल टिपायला कॅननची ५५-२५० एसटीएम लेन्स

शाळा-कॉलेजच्या मैदानावरचे सामने टिपायला महागडी लेन्स लागतेच असं नाही. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅनन असेल तर ईएफ-एस ५५-२५० एसटीएम ही ५५ ते २५० एमएमची झूम लेन्स दिवसाउजेडी पुरते. एसटीएम हे तिच्या फोकस मोटरचं नाव. कुठल्या वेळी कुठे बसायचं, एवढं मात्र कळायला हवं. वजन ३७५ ग्रॅम. पूर्ण सामना हातात धरली तरी मनगट भरून येत नाही.

२५० एमएमवर, म्हणजे पूर्ण झूम करून, आडव्या फ्रेममध्ये ४० मीटरवरचा खेळाडू नखशिखान्त मावतो, वर चेंडूलाही जागा उरते. त्यामुळे सर्वांत चांगली जागा गोललाइनच्या मागे, कॉर्नरचा झेंडा आणि पेनल्टी बॉक्स यांच्या मधे. चढाई अंगावर येते, चेहरे मिळतात. पण कॉर्नर किकला गर्दी दहा मीटरवर आली की ५५ एमएमवरही जेमतेम चार मीटर रुंदी मावते. अख्खा गोलपोस्ट हवा असेल तर १८ मीटर अंतर लागतं. गोलच्या थेट मागे बसू नका, फोकस जाळीवरच अडकतो.

आता उन्हाचं. मार्च ते मेमध्ये दुपारी मुरमाचं मैदान तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते. खाली बसून पलीकडच्या गोलवर नेम धरला तर सगळा उजेड त्या तापलेल्या थरातून येतो. चेहरे पाण्यात बघितल्यासारखे दिसतात आणि लोक लेन्सला दोष देतात. लेन्स चांगली आहे, दुरुस्तीला टाकू नका. साडेचारपर्यंत पायऱ्यांवर किंवा पहिल्या मजल्याच्या गच्चीवर जा. तिथून थरथर कमी लागते, आणि बचावफळी कशी उभी आहे तेही दिसतं. चेहरे थोडे झाकले जातात, तेवढं चालवून घ्या. ऊन उतरलं की खाली या, पश्चिमेकडच्या साइडलाइनला, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. जमीन तेव्हाही चटके देते. गुडघ्याखाली जुन्या सोलापुरी चादरीची घडी हवीच.

शटर १/१००० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, एआय सर्वो (हलत्या खेळाडूमागे सतत फिरणारा फोकस) आणि फोकस शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, धावणारा पाय थांबवत नाही. त्याच्या भरवशावर शटर १/२५० वर आणू नका.

खरी उणीव संध्याकाळी कळते. भर उन्हात आयएसओ २०० च्या आत राहतो, सूर्य मावळला की ३२०० ते ६४०० लागतो, फोटो दाणेदार होतो आणि फोकसही चाचपडायला लागतो. जास्त उजेड घेणारी एफ २.८ ची ७०-२०० एमएम लेन्स घेतली तर आयएसओ चौथाईवर येतो, पण वजन दीड किलोच्या घरात. दिव्याखालच्या सामन्यांना ८५ एमएम एफ १.८ घ्या आणि पंधरा मीटरच्या आतलाच खेळ टिपा.

झूम करताना नळी पुढे सरकते आणि धूळ आत ओढते. धुळीपासून बचावाची सीलही नाही. साइडलाइनवर लेन्स बदलू नका, पुढे ५८ एमएमचा फिल्टर ठेवा. ईटी-६३ हूड (लेन्सपुढे लावायचं उन्हाचं झाकण) वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घ्याच. जुनी घेणार असाल तर नावात एसटीएम आहे ना ते बघा, कारण आधीच्या ५५-२५० ची मोटर संथ आहे. २५० वर नेऊन काचेतून टॉर्च मारा: धुळीचे चार कण चालतील, बुरशीचे धागे दिसले तर परत द्या.