परांचीवरून पडलेल्या कामगाराने कुठे जावं: भरपाई आयुक्तांकडे की दिवाणी कोर्टात?

भरपाई आयुक्त म्हणजे कामगारांच्या इजेच्या भरपाईचे दावे ऐकणारा सरकारी अधिकारी. त्यांच्याकडे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे, काम करताना इजा झाली, एवढं सहसा पुरतं. 1923 पासूनची ही तरतूद आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ठेकेदार पळाला तरी त्याला काम देणारा मूळ मालक सुटत नाही. रक्कम मात्र वय, पगार आणि अपंगत्वाच्या सूत्राने ठरते.

दिवाणी दाव्यात जास्त मागता येतं, वेदनांचीही भरपाई. पण सेफ्टी बेल्ट दिला नव्हता, हे तुम्हीच दाखवायचं, आणि वर्षानुवर्षं थांबायचं.

दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. हातावर पोट असेल तर आयुक्तच बरे, असं मला ठामपणे वाटतं. कुठेही गेलात तरी तिथे कामाला होतात याचा पुरावा लागेल, म्हणून मुकादमाच्या हजेरीवहीतल्या आपल्या नावाचा फोटो आजच काढा.