अथेन्सचं घुबड, १,३३१ पाउंड आणि हात वर करणारी मंडळी

प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांच्या बाजारात कसं लुटतात, हे संग्राहकांना नव्यानं सांगायला नको. आजोबांचा जुना संग्रह विकायला काढलाय म्हणणारे, लिलावातल्या नाण्याचा फोटो चोरून भलताच माल पाठवणारे, न धुतलेल्या शंभर नाण्यांच्या पिशवीत वर एक चांदीचं दिसेल असं ठेवणारे, सगळे आपल्या ओळखीचे आहेत. आमच्याही होते. इंग्लंडमधल्या आम्हा चार मराठी घरांची नाण्यांची भिशी आहे. जमतील तशी नाणी घ्यायची, शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या हातात द्यायची, दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू त्यांनी स्वतः चाचपून बघावी, एवढाच हेतू. त्या भिशीचे १,३३१ पाउंड गेले. रुपयांत दीड लाखाच्या घरात. आम्ही नवखे किंवा हावरट होतो म्हणून गेले असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं सावकाश वाचावं.

गळ टाकताना आमिष खरंच होतं. आधी एका संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून तिसऱ्या-चौथ्या शतकातली तीन रोमन नाणी घेतली: कॉन्स्टंटाइनचं छावणीच्या दरवाजाचं ब्राँझ १४ पाउंड, गॅलिएनसचं २२, प्रोबसचं ३८. तिन्ही अस्सल, फोटोत दाखवलेलीच. त्या ७४ पाउंडांत विक्रेत्यानं आमचा विश्वास विकत घेतला. मग चार नाण्यांचा लॉट दाखवला: अथेन्सचं घुबडवालं टेट्राड्राख्म (चार द्राख्मांचं चांदीचं ग्रीक नाणं) ६४० पाउंड, सिकंदराचं टेट्राड्राख्म २८५, रोमन सम्राट टायबेरियसचं डिनेरियस (रोमन चांदीचं नाणं) २६० आणि ट्रेजनचं ९०. एकूण १,२७५ आणि टपाल १८. संकेतस्थळावर याच लॉटची किंमत १,४१५ होती. थेट बँकेत पैसे भरलेत तर कमिशन वाचेल, तेवढी सूट देतो, असा निरोप. परदेशी खात्यात पाठवायचे म्हणून बँकेचे ८ पाउंड वेगळे. नंतर जाणकाराच्या लेखी अभिप्रायाला ३० लागले. यातली एकही किंमत फुकटात मिळाल्यासारखी नाही. बऱ्या स्थितीतलं घुबड साधारण याच भावात मिळतं. पितळेच्या भावात सोनं मागणाऱ्याला हावरा म्हणा, बाजारभाव मोजणाऱ्याला नका म्हणू.

पैसे थेट खात्यात भरा म्हटल्याबरोबर व्यवहार मोडा. सूट कितीही असो.

आता ती जागा, जिथं हे कळायला हवं होतं. घुबडाच्या नाण्यावर दर्शनी बाजूला अथेना देवी उजवीकडे बघते. या नाण्यात तिच्या नाकासमोर, घड्याळात तीन वाजतात तिथं, कडेला एक चीर होती. शिरस्त्राणाचा तुरा वरच्या कडेबाहेर गेलेला आणि गालावर बारीक खोच. त्याच विक्रेत्याच्या विकल्या गेलेल्या मालाच्या यादीत आणखी एक घुबड होतं. त्यालाही तीन वाजता चीर, तुरा तिथंच कापलेला, गालावर तीच खोच. दोन्ही फोटो एकाच पडद्यावर वरखाली होते. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

एका ठशातून शेकडो-हजारो नाणी पडायची आणि इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सनं ही घुबडं अफाट संख्येनं पाडली. त्यामुळे दोन नाणी एकाच ठशाची असणं अशक्य मुळीच नाही, आणि विक्रेत्यानं नेमकं हेच उत्तर दिलं. उत्तर अर्धं खरं होतं. ठसा सारखा असेल तर अथेनाचा डोळा, पानं, केसांच्या बटा सारख्या येतात. चीर मात्र ठशात नसते. तापवलेल्या चांदीच्या गोळीवर घण पडला की कड फाटते, आणि ती प्रत्येक घावाला वेगळीच फाटते. गोळी ठशावर किती सरकून बसली हेही दरवेळी निराळं. गालावरची खोच तर नाणं वापरात असताना कधीतरी पडलेली. ठसा, चीर, मांडणी आणि खोच हे चारही जुळले, तर ती दोन नाणी एकाच साच्यात ओतलेली असतात, आणि तो साचा बहुधा तिसऱ्याच एखाद्या अस्सल नाण्यावरून घेतलेला असतो. तेच एक नाणं दोनदा विकायला लावलेलं नसेल, तर याला दुसरं स्पष्टीकरण नाही. त्यामुळे विक्रेत्याची जुनी यादी शेवटपर्यंत चाळा. प्रत्येक फोटोतली कड बघा, चेहरा नको.

नाणी आल्यावर काय निघालं ते एकेक सांगतो.

घुबडाचं वजन १७.०९ ग्रॅम. अॅटिक, म्हणजे अथेन्सच्या, मापाचं टेट्राड्राख्म १७.२च्या आसपास असतं, म्हणजे वजन पास. बनावट करणारे वजन जुळवतात; जाडी किंचित वाढवली की झालं. म्हणून घनता मोजा. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, अंगाला चिकटलेले बुडबुडे झटका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदीची घनता १०.५, या घुबडांची चांदी बरीच शुद्ध, म्हणजे काट्यावर १.६४च्या जवळपास यायला हवं होतं. आले १.८८. भागाकार ९.०९. त्यात तांबं किंवा कथील भरपूर आहे. वरचा काळपट थर अॅसिटोनमध्ये ठेवल्यावर सुटून आला; चांदीवर काळानं चढलेला सल्फाइडचा थर अॅसिटोनला दाद देत नाही, रंग आणि बुटाचं पॉलिश देतं. भिंगाखाली ती चीर म्हणजे गुळगुळीत ओठांची उथळ पन्हळ होती. खरी चीर खोल जाते, आत खरखरीत असते, बहुतेकदा मागच्या बाजूलाही दिसते. कडेवर कानशीनं घासल्याचे समांतर ओरखडे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण तिथं घासून काढलेली.

सिकंदराचं नाणं जास्त दुष्ट निघालं. वजन १७.०२, पाण्यातला आकडा १.६५, घनता १०.३. चांदी खरी. हे ओतलेलं नव्हतं, आधुनिक ठशातून यंत्रानं दाबलेलं होतं. इथं काटा काही सांगत नाही. दर्शनी बाजूच्या हेराक्लिसनं पांघरलेल्या सिंहाच्या कातड्याची आयाळ आणि मागच्या बाजूला झ्यूस देवाच्या सिंहासनाचे पाय पार्श्वभूमीला मिळतात तिथं कोपरे तीक्ष्ण हवेत. या नाण्यात ते मेणासारखे गोलावले होते. लिलावांच्या जुन्या नोंदी आणि संग्राहकांनी जमवलेल्या बनावटींच्या फोटोंशी ठसे ताडले, तेव्हा हाच ठसा बनावटींत सापडला. चांदी खरी म्हणून नाणं खरं, हा हिशेब डोक्यातून काढा. एकोणिसाव्या शतकातला जर्मन कार्ल विल्हेल्म बेकर चांगल्या धातूतच बनावट नाणी पाडायचा आणि त्याचे ठसे आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. १९८८मध्ये काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेम्ब्रियाची छोटी चांदीची नाणी ढिगानं बाजारात आली, तेव्हा नावाजलेल्या तज्ज्ञांत ती खरी की खोटी यावरून उघड फूट पडली होती. ज्यांचं आयुष्य यात गेलं त्यांचं एकमत होत नाही, आणि आम्हाला लोक विचारतात, तुम्हाला फोटोवरून कसं कळलं नाही!

टायबेरियस: ३.१२ ग्रॅम. ३.६ ते ३.८ हवं होतं. अक्षरांच्या खाचांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, ओतकामातल्या बुडबुड्यांची. ट्रेजनचं मात्र अस्सल. ते मुद्दाम घातलेलं होतं, कशासाठी ते पुढे येईल.

चुंबकाच्या भरवशावर राहू नका. कथील, शिसं, तांबं काहीच चुंबकाला चिकटत नाही. खणखण वाजवून बघायला नाणं फरशीवर टाकू तर अजिबात नका. जुनी चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते, अस्सल नाण्याचेच दोन तुकडे होतील.

टायबेरियसवर विक्रेत्यानं खास आमच्यासाठी गोष्ट रचली होती. आडनावं बघितली आणि लिहिलं, हे दक्षिण भारतातल्या साठ्यातलं आहे. गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण ऑगस्टस आणि टायबेरियसची डिनेरियस आंध्र, तेलंगण, तमिळनाडूतल्या साठ्यांत खरोखर सापडली आहेत. रोमचा पैसा दरवर्षी भारताकडे वाहतो म्हणून रोमन लेखक प्लिनीनं तक्रार केली, ती याच व्यापाराची. पण भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, आणि जमिनीत सापडलेला साठा १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. त्यामुळे अलीकडे भारतातून आलं म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाहीतर चोरीचा माल विकतो. गावाकडची मंडळी यातलीच दुसरी तऱ्हा ओळखतात: शेतात गुप्तधन सापडलं म्हणत एक खरं सोन्याचं नाणं सोनाराकडून तपासून घ्यायला देतात आणि पैसे हातात पडले की पितळेची पिशवी गळ्यात मारतात. पद्धत तीच आहे, फक्त नाण्यावरचा राजा बदलतो.

पाकिटावरच्या सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: धातूची स्मरणिका, किंमत २० पाउंड. विचारल्यावर उत्तर, तुमचा कर वाचावा म्हणून. ब्रिटनमध्ये संग्रहाच्या नाण्यांवर आयातीचा कर ५ टक्के लागतो, आमच्या लॉटवर साधारण ६५ पाउंड. ते आम्ही आनंदानं भरले असते, आणि ती चिठ्ठी लिहा असं त्याला आम्ही सांगितलेलं नव्हतं. पण भांडणात हीच चिठ्ठी त्यानं आमच्याविरुद्ध वापरली: मी स्मरणिका विकल्या, कागद बघा.

आता दाद मागायला गेलो त्यांची कथा. संकेतस्थळ म्हणालं, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आमचा संबंध नाही. ज्या माणसाचं दुकान यांच्या छपराखाली आजही उघडं आहे, त्याच्याशी यांचा संबंध नाही! सारख्या चिरेच्या दोन्ही घुबडांचे फोटो पाठवले, त्यावर ठरावीक साच्यातलं आभाराचं पत्र. बँकेकडे गेलो. ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमध्ये फसवून करवून घेतलेल्या भरण्यांची भरपाई ८५,००० पाउंडांपर्यंत बँकांना द्यावी लागते, पण ती देशातल्या देशात झालेल्या भरण्यांचीच. विक्रेता स्वतःला इंग्लंडचा म्हणवत होता, खात्याचा क्रमांक मात्र जीबीऐवजी बीजीनं सुरू होत होता, म्हणजे खातं बल्गेरियातलं. नियमात बसत नाही, फाइल बंद. वर आणखी, विक्रेता माल परत घ्यायला तयार आहे आणि चारपैकी एक नाणं खरं आहे, म्हणजे हा गुन्हा नसून व्यापारी वाद. त्या ट्रेजनचा उपयोग हा! परत पाठवा म्हणणंही डाव आहे. नाणी गेली की पुरावा गेला, आणि तीच नाणी पुढच्या गिऱ्हाइकाला जातात. आम्ही पाठवली नाहीत. पोलिसांच्या फसवणूक नोंदणीकडे तक्रार केली, क्रमांक मिळाला, पुढे तपासाला धागा नाही असं पत्र. धागा? खात्याचा क्रमांक, पाकीट, पत्ता, अभिप्राय, फोटो, सगळं जोडलेलं होतं; कुणी उघडूनही पाहिलं नाही. एका संग्रहालयाला लिहिलं तर खासगी मालाबद्दल मत देत नाही म्हणाले. प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो.

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, १९७०मध्ये इ.स.पू. ३७५-३७४चा एक कायदा कोरलेली शिळा सापडली, निकोफोनचा कायदा. बाजारात सरकारी परीक्षक बसायचा. कुणी आणलेलं नाणं आतून तांब्याचं किंवा शिशाचं निघालं तर त्यानं ते तिथल्या तिथं कापायचं आणि देवांच्या मातेला अर्पण करायचं, म्हणजे ते पुन्हा बाजारात येणार नाही. परीक्षक जागेवर बसला नाही किंवा नाणी तपासली नाहीत, तर त्याला ५० फटके. चोवीसशे वर्षांपूर्वी याच घुबडांसाठी ही व्यवस्था होती. आज संकेतस्थळाला, बँकेला, पोलिसांना काम टाळल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

ब्रिटनमध्ये असाल तर शंभर पाउंडांवरचं नाणं क्रेडिट कार्डानंच घ्या. १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५व्या कलमानं १०० ते ३०,००० पाउंडांच्या वस्तूला कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. लॉट नको, प्रत्येक नाण्याची वेगळी पावती मागा, म्हणजे एक खरं घालून तीन खोट्यांवर पांघरूण घालता येणार नाही. पावतीवर 'अस्सल, प्राचीन' हे शब्द आणि मुदत नसलेली परतीची हमी लिहून घ्या. तिरक्या उजेडात काढलेला कडेचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला. अमेरिकेत १९७३च्या कायद्यानं प्रतिकृतीवर 'कॉपी' असा ठसा लागतो, पण तो नाही म्हणून नाणं खरं ठरत नाही. पाकीट, चिठ्ठी, शिक्का काही फेकू नका.

त्या विक्रेत्याचं दुकान आता दुसऱ्या नावानं चालू आहे, त्यामुळे नाव शोधू नका, नाणी ओळखा. घुबड: अथेनाच्या नाकासमोर तीन वाजता चीर, तुरा कापलेला, गालावर खोच, वजन १७च्या आसपास. टायबेरियस: सव्वातीन ग्रॅमच्या आत, अक्षरांत छिद्रं. सिकंदर: आयाळीचे कोपरे मेणासारखे, घनता बरोबर. याच खुणांचं घुबड या घडीला ६५५ पाउंडांना विक्रीला लावलेलं आहे.